क्रेडिट कुणाच्या खात्यात?

अमेरिकेत २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात सुमारे २५ लाख मुलं एकाच वेळी दोन ठिकाणी शिकत होती. नाव हायस्कूलच्या पटावर आणि अभ्यास कॉलेजचाही. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे गावोगावच्या कमी फीच्या, दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत, आज दर पाच विद्यार्थ्यांमागे साधारण एक जण अजून शाळेतून बाहेर पडायचा आहे. याला ते ‘ड्युअल एन्रोलमेंट’ म्हणतात. त्याखेरीज शाळेतच भरणारे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’चे, म्हणजे एपीचे, वर्ग आहेत. मे महिन्यात त्यांची देशभर परीक्षा होते, एक ते पाच यांपैकी गुण मिळतात आणि तीन किंवा त्याहून जास्त पडले की बरीच कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात. हायस्कूल संपतानाच एखाद्या मुलीच्या खात्यावर कॉलेजचं अख्खं वर्ष जमा असणं ही तिथे आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

यावरची चर्चा बहुतेक वेळा दोनच प्रश्नांभोवती फिरते: पैसे किती वाचले आणि वर्षं किती वाचली. मला हे दोन्ही प्रश्न दुय्यम वाटतात. शाळेत असताना कॉलेजचं क्रेडिट मिळण्याचा खरा उपयोग त्या मुलाला आहे, ज्याला आपण कॉलेजात टिकू की नाही याचीच खात्री नाही. ज्याचे आईवडील दोघंही पदवीधर आहेत, त्याला या सोयीने थोडा हात मिळतो. ज्याच्या घरात कुणीच कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्याचं आयुष्य पालटू शकतं. तरीही ही व्यवस्था बऱ्याच अंशी पहिल्याच्या सोयीने आखली गेली, आणि तिची पाळंमुळं पाहिली की असं का झालं ते कळतं.

१९५१ साली फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून एक अभ्यास सुरू झाला. त्यात तीन खासगी निवासी शाळा होत्या, अँडोव्हर, एक्सेटर आणि लॉरेन्सव्हिल. आणि तीन विद्यापीठं, हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन. या शाळांतून या विद्यापीठांत गेलेल्या मुलांची तक्रार अशी की शाळेच्या शेवटच्या वर्षी जे शिकलो तेच कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकावं लागतं. तक्रार रास्त होती. कोरियाचं युद्ध चालू होतं, तरुणांना सैन्यात बोलावलं जात होतं, त्यामुळे हुशार मुलाचं एक वर्षही वाया जाऊ नये असं वातावरण होतं. त्याच सुमारास केन्यन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांनीही काही कॉलेजं आणि शाळा एकत्र आणून शाळेत शिकवण्याजोगे कॉलेजच्या दर्जाचे अभ्यासक्रम आखायला घेतले. १९५५ मध्ये हे सगळं काम ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेकडे आलं आणि १९५६ च्या मे महिन्यात १०४ शाळांतली १,२२९ मुलं एपीच्या परीक्षेला बसली. आज हा आकडा वर्षाला वीस लाखांच्या पुढे असतो. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न एका विशिष्ट मुलाचा होता. शिक्षण ज्याला हवं तितकं मिळतच होतं, त्याला त्याच त्या अभ्यासाचा कंटाळा येऊ नये, एवढाच.

दुसरा प्रवाह याच्या अगदी उलट टोकाकडून आला आणि माझ्या मते तोच अधिक धाडसी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज आहे. तिथल्या प्राध्यापक जॅनेट लीबरमन यांनी १९७४ साली कॉलेजच्या आवारातच एक हायस्कूल सुरू केलं, मिडल कॉलेज हायस्कूल. त्यांनी हुशार म्हणून गाजलेली मुलं निवडली नाहीत. ज्यांची शाळा सुटणार असं शिक्षकांना वाटत होतं, ती मुलं त्यांनी घेतली. युक्तिवाद साधा होता: हायस्कूलमध्ये ज्याला रोज नालायक ठरवलं जातं, त्या मुलाला कॉलेजच्या इमारतीत आणा, कॉलेजच्या ग्रंथालयात बसू द्या, कँटीनमध्ये मोठ्या विद्यार्थ्यांच्या रांगेत उभं राहू द्या. जागेचा संस्कार होतो. आपण इथले आहोत, असं त्याला वाटू लागलं की अभ्यासाची निम्मी अडचण सुटते.

पुढे २००१ मध्ये बार्ड कॉलेजने न्यूयॉर्क शहराबरोबर असंच एक सरकारी हायस्कूल उघडलं, जिथे चार वर्षांत शाळेचं प्रमाणपत्र आणि कॉलेजची दोन वर्षांची पदवी दोन्ही मिळतात. २००२ पासून गेट्स फाउंडेशनने ‘अर्ली कॉलेज’ शाळांना पैसा पुरवायला सुरुवात केली, आणि आज एकट्या नॉर्थ कॅरोलिनात अशा शंभराहून जास्त शाळा आहेत, बहुतेक कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात. जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून अशा अनेक शाळांत प्रवेश सोडतीने होतो. संशोधकांसाठी ही सोन्यासारखी संधी ठरली. सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं हुशारीत, घरच्या परिस्थितीत, हौसेत सारखीच. फरक फक्त चिठ्ठीचा. दोन्ही गटांचा काही वर्षं माग काढला तेव्हा नंबर लागलेली मुलं कॉलेजात जास्त गेली आणि पदवीही जास्त जणांनी घेतली. मुळातच चांगली मुलं निवडली म्हणून निकाल चांगला लागला, ही नेहमीची शंका इथे टिकत नाही.

मग हे सगळीकडे का पोचत नाही? मिनेसोटाची गोष्ट यासाठी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. १९८५ साली गव्हर्नर रूडी पर्पिच यांच्या पुढाकाराने मिनेसोटाने अख्ख्या राज्यासाठी कायदा केला. अकरावी-बारावीच्या मुलाने कॉलेजात जाऊन विषय शिकावा, फी आणि पुस्तकांचा खर्च सरकार भरेल. पैसा मुलाच्या मागे जाणार, म्हणजे शाळेच्या अनुदानातून तो वजा होणार. शाळांना हे आवडणं शक्यच नव्हतं. त्यामुळे त्या कायद्यात एक कलम होतं: कॉलेजांनी या योजनेची माहिती शाळकरी मुलांना द्यावी, पण ती शैक्षणिक गुणांच्या जोरावर, या योजनेत तुमचे पैसे वाचतील, असं सांगून मुलं ओढायची नाहीत. २०१४ मध्ये या कलमात थोडी ढिलाई आली.

या कलमाचा परिणाम कुणावर झाला असेल याचा विचार करा. ज्याची आई स्वतः प्राध्यापक किंवा वकील आहे, त्याला पैसे वाचतात हे जाहिरातीतून कळण्याची गरज नव्हती. ज्याची आई रात्रपाळीत साफसफाईचं काम करते, तिच्यासाठी मात्र ‘फुकट आहे’ ही पहिली आणि कदाचित एकमेव कामाची माहिती होती. नेमकं तेवढंच उघडपणे सांगायला कायद्याची आडकाठी. सोय सगळ्यांना खुली ठेवायची आणि तिची खबर मात्र जाणत्यांच्याच घरी पोचेल अशी तजवीज करायची, हा विषमतेचा फार जुना मार्ग आहे. इतर राज्यांत तो वेगळ्या वेषात दिसतो. कुठे फी माफ पण पुस्तकं स्वतःची, कुठे कॉलेज वीस मैलांवर आणि शाळेची बस तिकडे जात नाही, कुठे प्रवेशासाठी आधी चाचणी, आणि ती चाचणी केव्हा आहे हे सांगणारा समुपदेशक पाचशे मुलांमागे एकच. गरीब वस्त्यांतल्या आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो मुलांचं या वर्गांतलं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी राहिलं आहे, ते अशा सगळ्या बारीकसारीक अडसरांमुळे.

पोचलेल्या मुलांनाही एक धोका असतो. समजा, एका मुलीला नर्स व्हायचं आहे. तिच्या शाळेत ‘कॉलेज अल्जिब्रा’चा ड्युअल वर्ग आहे म्हणून तिने तो घेतला, मेहनतीने पास झाली, तीन क्रेडिट मिळाली. पुढे ती ज्या कॉलेजात गेली तिथल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात गणिताच्या जागी संख्याशास्त्र आहे. कॉलेज म्हणतं, क्रेडिट मान्य, पण ‘ऐच्छिक’ या खात्यात. पदवीकडे जाणाऱ्या वाटेवर ते कुठेच मोजलं जात नाही. कागदावर तीन क्रेडिट आहेत आणि हातात काही नाही. ज्याच्या घरात कुणी आधी या वाटेने गेलेलं आहे, ते आधीच विचारतात, हा विषय कुठे धरला जाईल? ज्याच्या घरात असं कुणी नाही, त्याला हा प्रश्न विचारायचा असतो हेच कळत नाही.

क्रेडिटचा असा घोळ होतो याचं कारण क्रेडिट मुळात शिक्षण मोजायला जन्माला आलंच नाही. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. आता पेन्शन कुणाला द्यायची, तर कॉलेजच्या प्राध्यापकाला. पण कॉलेज म्हणायचं कशाला? त्या काळी हायस्कूलच्या दर्जाच्या कितीतरी संस्था स्वतःला कॉलेज म्हणवत होत्या. म्हणून कार्नेगी फाउंडेशनने ठरवलं की जी संस्था प्रवेशासाठी हायस्कूलचे किमान १४ ‘युनिट’ मागते, तीच कॉलेज. एक युनिट म्हणजे वर्षभरात एका विषयाचे सुमारे १२० तास. पेन्शन हवी तर ही व्याख्या पाळा. बघता बघता सगळ्या शाळा-कॉलेजांनी ती पाळली आणि तिच्याच धर्तीवर कॉलेजची क्रेडिटं तासांत मोजली जाऊ लागली.

तासांचं हे माप होतं म्हणूनच शाळेत घेतलेला विषय कॉलेजच्या खात्यात भरता आला, हे मान्य केलं पाहिजे. मोजता येतं ते हलवता येतं. पण तासांच्या मापात शिकवणाऱ्याचा दर्जा, वर्गातली चर्चा, मुलाने लिहिलेला निबंध, यातलं काही बसत नाही. टीका करणारे नेमकं इथेच बोट ठेवतात, आणि त्यांचं पूर्णपणे चूक नाही. डार्टमथ कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाने एपीत पाच गुण मिळवलेल्या मुलांना आपल्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या परीक्षेचीच एक छोटी आवृत्ती सोडवायला दिली, तेव्हा बहुतेक मुलं नापास झाली. कॉलेज बोर्डाने त्या प्रयोगावर आक्षेप घेतला, तरी २०१४ पासून येणाऱ्या मुलांना डार्टमथने एपीसाठी पदवीचं क्रेडिट देणं बंद केलं. अगदी अलीकडे बोर्डाने गुण देण्याची पद्धत बदलली. ‘अमेरिकेचा इतिहास’ या विषयात २०२३ मध्ये तीन किंवा जास्त गुण मिळवणाऱ्यांचं प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास होतं, ते एका वर्षात ७२ वर गेलं. एका वर्षात मुलं एवढी हुशार झाली, यावर विश्वास ठेवणं मला जड जातं.

तरीही मी या परीक्षेला सरसकट झोडपणाऱ्यांतला नाही. इतिहासाच्या एपी परीक्षेतला एक प्रश्न बघा. विद्यार्थ्यासमोर सात कागदपत्रं ठेवतात: कुणाचं पत्र, कुणाचं भाषण, एखादं व्यंगचित्र, एखादा जुना नकाशा. साधारण एका तासात ते वाचून, कुणी कुठल्या हेतूने काय म्हटलं हे पारखून, आपलं मत मांडणारा निबंध लिहायचा. कागदपत्रांच्या बाहेरचा एखादा पुरावाही आणायचा. सतरा वर्षांचं मूल एवढं करत असेल तर इतिहासकार नेमकं काय करतो याची त्याला चव कळली. बारावीच्या इतिहासात ‘कारणे लिहा’च्या पाठ उत्तरांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना असा एक तास कधी मिळाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि गार्फील्डची हकिगत तर प्रत्येक शिक्षकाने वाचावी. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात, लॅटिनो कामगारांच्या वस्तीत गार्फील्ड हायस्कूल आहे. बोलिव्हियाहून आलेले हाइमे एस्कलांते तिथे १९७४ पासून गणित शिकवत होते. १९८२ मध्ये त्यांच्या १८ मुलांनी एपी कॅल्क्युलस पास केलं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला शंका आली. काही उत्तरांतल्या चुका सारख्या होत्या. १४ मुलांवर संशय घेतला गेला. त्यांपैकी १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि सगळे पास झाले. यावर १९८८ मध्ये ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट निघाला. पण चित्रपट पाहून वाटतं की एका वर्षात जादू झाली, आणि तिथेच फसगत होते. पहिल्या वर्गातून परीक्षेपर्यंत पोचलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यानंतर एस्कलांते यांनी खालच्या इयत्तांचं गणित सुधारलं, सहकारी तयार केले, ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात उन्हाळी वर्ग चालवले, हेन्री ग्रॅडियास यांच्यासारखे मुख्याध्यापक पाठीशी उभे राहिले. हे सगळं उभं राहायला वर्षं लागली. मुख्याध्यापक गेले, १९९१ मध्ये एस्कलांतेही गेले, आणि तो कार्यक्रम ओसरला. अभ्यासक्रम तोच होता, परीक्षा तीच होती, क्रेडिटही तेवढंच मिळत होतं. माणसं गेली.

म्हणून शिकवणाऱ्याची पात्रता काय असावी हा वाद मला कागदी वाटत नाही. २०१५ मध्ये मध्य-पश्चिमेतल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेने सांगितलं की ड्युअल वर्ग घेणाऱ्या शाळाशिक्षकाकडे पदव्युत्तर पदवी आणि त्या विषयातली किमान १८ पदव्युत्तर क्रेडिटं हवीत. खेड्यापाड्यांतल्या शाळा हवालदिल झाल्या, कारण तिथे एकच शिक्षक इंग्रजी आणि इतिहास दोन्ही सांभाळतो. नियम पुढे सैल करावा लागला. दर्जाचा आग्रह धरावा तर वर्गच बंद पडतो, सोडावा तर क्रेडिट पोकळ होतं. यातून वाट एकच दिसते: त्या खेड्यातल्या शिक्षिकेला पगारी रजा देऊन, फी भरून ती १८ क्रेडिटं पूर्ण करू द्या. खर्च होईल. पण वाचलेल्या फीचे आकडे दाखवून टाळ्या घेणाऱ्या राज्यांनी तो खर्च करायला हवा.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत या विषयाचं रूप वेगळंच असतं. आठवीपासून हिशेब सुरू होतो, किती एपी घ्यायचे, कुणाच्या मुलाने किती घेतले. आईवडील इथल्या बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या चरकातून गेलेले असतात, त्यामुळे ही धास्ती कुठून येते ते मला कळतं. पण त्या मुलांना कॉलेज परकं नाही. ती तिथे जाणारच आहेत. त्यांच्यासाठी दहावा एपी म्हणजे झोपेतून काढलेले तास आणि अर्जावरची एक ओळ. २०१८ मध्ये वॉशिंग्टन भागातल्या आठ नामवंत खासगी शाळांनी मिळून जाहीर केलं की आम्ही एपीचे वर्ग हळूहळू बंद करणार, स्वतःचे अभ्यासक्रम शिकवणार. त्यांना ते परवडलं, कारण त्यांच्या मुलांना आपली लायकी सिद्ध करायला बाहेरच्या परीक्षेची गरज उरली नव्हती. गार्फील्डच्या मुलांना ती चैन नव्हती. त्यांच्यासाठी बाहेरून आलेला तो गुणांचा आकडा हाच एक पुरावा होता, आणि तोही त्यांना दोनदा द्यावा लागला.

आता आपल्याकडे. २०२० चं शैक्षणिक धोरण, २०२१ ची ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आणि २०२३ चा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा, यांनी शाळेपासून पीएचडीपर्यंत सगळं शिक्षण एकाच मापात आणलं आहे. वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. बारावीची पातळी चौथी, पदवीच्या पहिल्या वर्षाची साडेचार. माप आलं. पण शाळकरी मुलाने पदवीचा विषय शिकून त्याचं क्रेडिट पुढे न्यावं, ही वाट अजून जवळपास नाहीच. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीसाठी अकरावी झालेलं मूल अर्ज करून पात्र ठरू शकतं, पण अभ्यास सुरू करायला बारावी पास व्हावंच लागतं.

महाराष्ट्राला यात एक जन्मजात सोय आहे, जी अमेरिकेला मुद्दाम उभारावी लागली. इतर अनेक राज्यांत अकरावी-बारावी शाळेत असते. आपल्याकडे ती कितीतरी तालुक्यांत कॉलेजच्या आवारात आहे. ज्युनिअर आणि सीनिअर एकाच इमारतीत, एकच ग्रंथालय, एकच फाटक. लीबरमन यांना क्वीन्समध्ये जे घडवावं लागलं, ते गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, जव्हारमध्ये बऱ्याच प्रमाणात आधीच उभं आहे. फक्त वरच्या मजल्यावर विद्यापीठ आणि खालच्या मजल्यावर बोर्ड, आणि मधल्या जिन्याला नियमाचं कुलूप. उलट शहरांत याच दोन वर्षांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मूल दिवसभर जेईई-नीटच्या क्लासमध्ये आणि हजेरी कागदोपत्री कॉलेजात. जागेचा संस्कार व्हावा अशी जागा होती, ती आपण रिकामी केली.

मला एक छोटी सुरुवात करून पाहावीशी वाटते. आश्रमशाळेतून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या बारावीच्या मुलांना त्याच आवारातल्या एफवायच्या एका विषयाच्या वर्गात बसू द्यावं, चार क्रेडिटचा एकच विषय, फी शून्य. पास झालं तर क्रेडिट खात्यात, आणि विद्यापीठाने आधीच लेखी सांगावं की ते कुठल्या पदवीत कशाच्या जागी धरलं जाईल. नापास झालं तर त्याची कुठेही नोंद नको. निवड गुणांवर करू नये. अर्ज जास्त आले तर सोडत काढावी, म्हणजे काही वर्षांनी खरा निकाल आपल्यालाही मोजता येईल.

यातली सगळ्यात मोठी अडचण मुलांची नाही. तालुक्याच्या अनेक कॉलेजांत आज एफवायचा तो वर्ग घेणारे सर किंवा मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. जून-जुलैत नेमणूक व्हायची ती लांबते, मानधन वर्ष उलटून जाईपर्यंत रखडतं, आणि पुढच्या वर्षी तेच शिक्षक असतील याची हमी कुणी देत नाही. बारावीच्या मुलीला त्या वर्गात बसवण्याआधी सरकारने ती जागा पूर्णवेळ भरावी, आणि हे काम क्रेडिटच्या पोर्टलवर मुलांची खाती उघडण्याच्या आधी व्हावं.